वाचनातली चूक

सोमवार, ४ मार्च

आज माहेरचं आडनाव सांगून विद्यापीठात जाऊन आले. खोटं नाही, पण खरंही नाही.

वाचनालयात मी रोज ज्या कपाटापाशी बसते, त्याच्या दाराला एक कागद चिकटवलेला होता. ‘साध्या वाचकांची गरज आहे. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा. शिक्षणाची अट नाही.’ खाली पत्ता आणि ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संशोधन गट’. ते नाव वाचलं आणि माझी कानशिलं तापली. शीतगृहातल्या अपघाताचा अहवाल याच गटाने लिहिला होता. तो जाडजूड अहवाल मी मिळवून वाचला होता. निम्मा कळला नाही. एक वाक्य मात्र कळलं: ‘पडद्यावरील संदेशाच्या वाचनात चालकाकडून चूक झाली.’

चालक म्हणजे यंत्रं चालवणारा. म्हणजे माझा नवरा. गळकी नळी सोडवायला अमोनियाच्या खोलीत गेला तो परत आलाच नाही, आणि दोष कशाला, तर त्याच्या वाचण्याला. संदेश काय होता ते अहवालात कुठेच नाही.

तो कागद आणखी कुठे लावलेला दिसला नाही. माझं नशीब. मी तो काढून पिशवीत टाकला. दुसऱ्या कुणाला कशाला मिळू द्यायचा?

बुधवार, ६ मार्च

विद्यापीठातली खोली लहान आहे. एक टेबल, एक पडदा, समोर काळसर काच. काचेपलीकडे माणसं बसतात, ती आपल्याला दिसत नाहीत, आपण त्यांना दिसतो. माझ्याशेजारी बसून काम करून घेते ती एक चष्मेवाली पोरगी. तिचं अजून शिक्षण चालू आहे, डॉक्टर होणार म्हणे, पण औषधं देणारी नव्हे. बुजरी आहे. मला बघून म्हणाली, “तुम्ही याल असं वाटलं नव्हतं.” मग लगेच, “म्हणजे, इतक्या लांबून.” मी कुठून येते ते मी अजून सांगितलंही नव्हतं. बावरली असेल बिचारी.

कामाला ते बोलकं वाचन म्हणतात. पडद्यावर यंत्राचा काहीतरी निरोप येतो. तो वाचायचा आणि वाचताना मनात येईल ते सगळं तोंडाने बोलायचं. गप्प बसलं की पोरगी विचारते, “आत्ता मनात काय आहे?” शेवटी ठरलेला प्रश्न, “आता तुम्ही काय कराल?” आपण चुकलो तरी ती चुकलात म्हणत नाही.

मनात काय आहे ते मोठ्याने बोलले असते तर काच फुटली असती. मी आपली म्हणत राहिले, “टाकीतली पातळी कमी झाली म्हणतोय. मग टाकी भरायला सांगेन कुणाला तरी.”

सोमवार, ११ मार्च

आज तो दिसला. अहवालावर सही करणारा. सगळे त्याला नुसतं ‘सर’ म्हणतात. मी मनातल्या मनात ‘थोडक्यात सर’ असं नाव ठेवलंय, कारण ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हणतो आणि मग बसलेल्याच्या पायांना मुंग्या येईपर्यंत बोलतो. मला वाटलं होतं, डोळ्यांत डोळे घालून बघेन तेव्हा ओळखू येईल की हा कसला माणूस आहे. तसं काही दिसलं नाही. स्वेटरच्या कोपराला ठिगळ. माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढून दिली. मी बसले नाही. उभ्याने ऐकलं.

त्याने त्यांच्या कामाची रीत समजावून सांगितली. बोलकं वाचन रेकॉर्ड होतं आणि नंतर टाइप होतं, जसंच्या तसं. खोकला आला तर ‘खोकला’ असं लिहितात. एक शब्द गाळायचा नाही. “संशोधनाला कात्री चालत नाही, बाई,” म्हणाला. मोठा अभिमान!

जाताना जमिनीवरच्या वायरीत पाय अडकून तो जवळजवळ पडला. मला फार बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण दिवसभर पुरलं ते मला.

गुरुवार, १४ मार्च

वन्संना आज सांगितलं मी कुठे जाते ते. शिवणयंत्राचं पायडल थांबलं.

“कुणाकडे जातेस म्हणालीस?”

“त्यांच्याकडेच.”

“आणि त्यांना माहीत नाही तू कोण?”

“नाही.”

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भाऊ हाच संसार. त्यांनी तोंडातली टाचणी काढली. “मला एक सांग. ते पडदे बनवते ती कंपनी. ते तपासतो हा गट, कंपनीच्याच हातात हात घालून. आणि माणूस गेल्यावर चौकशी कुणाकडे? ह्याच गटाकडे. म्हणजे मीच ब्लाउज शिवायचा, मीच घालून बघायचा आणि तंग झाला तर गिऱ्हाईक जाड आहे म्हणायचं.”

आम्ही दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग म्हणाल्या, “करणार काय आहेस?”

म्हटलं, “महिनाअखेरीला कंपनीची मोठी माणसं येणारेत प्रात्यक्षिक बघायला. तिथे मला बसवलं तर सगळं बोलणार. त्यांनीच सांगितलंय, मनात येईल ते बोला.”

“आणि त्या सरच्या तोंडावर बोल. माझ्या भावाला वाचता येत नव्हतं म्हणतो मेला!”

वाचता येत नव्हतं! औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा दोनदा वाचणारा माणूस. अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश. मी चौथीत शाळा सोडलेली. पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकले, तर ह्यानेच मला पहिल्यांदा वाचनालयात नेलं. आत शिरताना माझ्याहून तोच जास्त घाबरला होता.

शुक्रवार, १५ मार्च

काही घडलं नाही. राग तेवढा आहे तसा आहे.

बुधवार, २० मार्च

चष्मेवालीचं काहीतरी बिनसलंय. आज मध्येच विचारलं, “काका सावकाश वाचायचे ना? बोट धरून?” मी हो म्हटलं. नंतर बसमध्ये आठवेना की नवऱ्याचं मी तिच्याजवळ कधी बोलले. बोलले असेन. बोलकं वाचन करता करता तोंड सैल सुटतंच.

हात धुवायला गेले तर ती तिथे नळ सोडून रडत होती. म्हटलं, “घरचं काही आहे का?” मान हलवली. “सर ओरडले?” पुन्हा मान हलवली. मग म्हणाली, “मावशी, तुम्हाला कुणाचा फार राग आला तर तुम्ही काय करता?”

म्हटलं, “राग जपून ठेवते. योग्य माणूस समोर येईपर्यंत.”

“आणि आला की?”

“मग बघते.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिलाच काही बोलले. पोरगी हळवी आहे. असल्या लोकांत कशी टिकणार!

शुक्रवार, २२ मार्च

प्रात्यक्षिकाला मलाच बसवायचं ठरलं. चष्मेवालीने माझं नाव सुचवलं. सर म्हणाला, “तुमचं बोलणं स्वच्छ असतं, बाई. थोडक्यात सांगायचं तर, आम्हाला असाच वाचक हवा.” आणि थोडक्यात सांगायचं सोडून वाचक म्हणजे काय यावर बोलत बसला. मी मान डोलावली. म्हटलं, बोल. तुझे बोलायचे दिवस संपत आले.

घरी येताना एक वाईट विचार आला. तो इथे लिहिते, वन्संना सांगणार नाही. त्या दिवशी ह्यांनी खरंच घाईत वाचलं असेल तर? एखादा दिवस असतो माणसाचा. डोकं दुखतं, जेवायची वेळ झालेली असते. तसं असेल तर मी काचेसमोर उभी राहून काय बोलणार? मग मला ह्यांचाच राग आला. इतका सावकाश वाचणारा माणूस, त्या एका दिवशी काय धाड भरली होती? राग आला आणि मग रागाचाच राग आला.

मंगळवार, २६ मार्च

उद्या. काय बोलायचं ते पाठ केलंय. ‘साहेब, तुम्ही ज्याला वाचता येत नाही असं लिहिलंत, त्याची मी बायको.’ एवढं झाल्यावर शिव्या. शिव्या वन्संनी सुचवल्यात, त्यातल्या निम्म्या विद्यापीठात चालणार नाहीत.

गुरुवार, २८ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज सगळं नीट लिहिते.

काचेपलीकडे सर, कंपनीचा टायवाला आणि त्याची दोन माणसं होती. टायवाल्याला मी दारात बघितलं, चांगला गुळगुळीत होता. मी आणि चष्मेवाली अलीकडे. तिचे हात इतके गार होते की मला बसवताना दंडाला लागले तर मी दचकले.

पडदे येत गेले. एक, दोन, पाच. मी वाचत गेले, बोलत गेले. मनात ते पाठ केलेलं वाक्य घोळत होतं. शेवटच्या पडद्यानंतर म्हणायचं.

मग एक जुनाट पडदा आला. करडा. एका कोपऱ्यात छोटीशी चौकट आणि चौकटीत लिहिलेलं: ‘अमोनिया व्हॉल्व्ह बंद’.

पोरीने ठरलेला प्रश्न विचारला. “नळी गळते आहे. दुरुस्त करायची आहे. आता तुम्ही काय कराल?”

मी सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. मी म्हणाले, “अमोनियाचा व्हॉल्व्ह बंद आहे. म्हणजे गॅस मागेच अडलाय. मग भीती नाही. मी आत जाईन आणि नळी सोडवेन.”

ती कधीच चुकलात म्हणत नाही. पण काल तिने रीत मोडली.

“मावशी, इथे बंद म्हणजे मिटलेला नाही. बंद म्हणजे चालत नाही. लिफ्ट बंद आहे, पंखा बंद आहे म्हणतो तसं. बिघडलाय. हुकूम ऐकत नाही. तो उघडाच आहे.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. मी आत गेले होते. दोनदा वाचून, नीट वाचून, शुद्धीत, मी त्या खोलीत गेले होते.

पाठ केलेलं सगळं गेलं. मी एवढंच म्हणाले, “त्याने हेच वाचलं का?”

“हो,” ती म्हणाली. “हाच पडदा होता.”

भिंतीवरच्या कर्ण्यातून सरचा आवाज आला, “हा पडदा आजच्या कामात नव्हता. रेकॉर्डिंग थांबवा.”

मी काचेकडे वळले. मला माझंच तोंड दिसत होतं, पण तो नेमका कुठे बसलाय ते मला माहीत होतं. “सर, कात्री चालत नाही ना? मग लिहा. जसंच्या तसं लिहा. अमोनियाच्या खोलीत मेला त्याची मी बायको. तुम्ही लिहिलंत, त्याला वाचता आलं नाही. मला मनात येईल ते बोलायला सांगितलंत, तर बोलते. तो बरोबर वाचत होता आणि तुम्ही त्याला मेल्यावर खोटा पाडलात. तुमचं नाव कुणी घेतलं की मला त्या खोलीचा वास यावा, एवढंच आता माझ्या मनात आहे. खोकला आला तर तोही लिहा.”

पोरीने बटणाला हात लावला नाही.

मग ती काचेकडे बघून म्हणाली, “सर, आतापर्यंत आलेल्या प्रत्येक वाचकाला मी हा पडदा दाखवला. सगळे आत गेले. आणि हा शब्द मी निवडला होता. तेही लिहून घ्या.”

शुक्रवार, २९ मार्च

कालचं अर्धंच लिहून झालं. पुढचं लिहायचं मनात नव्हतं.

ती माझ्यामागे जिन्यात आली. एका दमात बोलत सुटली. मूळ पडद्यावर दोन वेगळे शब्द होते, एक मिटलेल्यासाठी, एक बिघडलेल्यासाठी. आपल्या भाषेत आणताना तिने दुसऱ्यासाठी ‘काम करत नाही’ असं लिहिलं होतं. ते त्या चौकटीत मावेना. सर म्हणाला, छोटा शब्द घाल. तिने ‘बंद’ घातला. पहिल्या शब्दालाही ‘बंद’च होता. कंपनीने बघितलं, सरने बघितलं, सगळ्यांनी छान म्हटलं. अपघात झाल्यावर ती सरकडे गेली. तो म्हणाला, शब्द हा चौकशीचा विषय नाही.

“मी शीतगृहात गेले होते,” म्हणाली. “तिथल्या लोकांनी सांगितलं काका कसे वाचायचे. आणि तुम्ही कुठल्या वाचनालयात बसता ते.”

म्हणजे तो कागद. मी नशीब म्हणत होते.

मी हात उगारला होता. ते लिहून ठेवते. तिने मान मागे घेतली नाही, चष्मा काढून हातात धरला. मार खायला तयार असलेल्या माणसाला मारण्यात काही राम नाही. मी म्हटलं, “मावशी म्हणू नकोस मला,” आणि खाली उतरले.

वन्संना एवढंच सांगितलं की तो बरोबर वाचत होता. त्या उठून मोरीत गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या.

सोमवार, १ एप्रिल

सरने बोलावलं. अहवाल दुरुस्त करणार म्हणाला. टायवालाही होता. चष्मेवाली दाराशी उभी, तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सरने नवं वाक्य माझ्यापुढे सरकवलं. ‘पडद्यावरील संदेशाच्या शब्दनिवडीत अनुवादिकेकडून चूक झाली.’

वाक्य ओळखीचं होतं. फक्त माणूस बदलला होता.

खरं लिहिते, क्षणभर ते गोड लागलं. जिन्यापासून मला हेच हवं होतं. तिचं शिक्षण जाईल, नाव जाईल, आमच्यासारखं तिच्याही घरी कुणीतरी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसेल. मी मागे वळून बघितलं. तिला ते वाक्य आधीच माहीत होतं आणि ती काही बोलणार नव्हती.

मग मला दिसलं की टायवाला घड्याळ बघतोय. त्याचं काम झालं होतं. सरनेही पेनाला टोपण लावलं होतं. दोष हिला एकटीला दिला की हे दोघे उठून जेवायला जाणार. मला ते नको होतं.

म्हटलं, “छोटा शब्द घाल असं हिला कुणी सांगितलं?”

सर म्हणाला, “बाई, अहवालाची भाषा अशीच असते. कुणी सांगितलं, कुणी केलं, असं त्यात येत नाही.”

“बाहेर भिंतीवर तुमचे निबंध लावलेत. मी वाचलेत. ‘आम्ही असे सिद्ध केले आहे.’ ‘आम्ही प्रथमच दाखवून दिले.’ शाबासकीला आम्ही आणि माणूस मेला की ‘चूक झाली’? आपोआप झाली? पाऊस पडतो तशी?”

तो गप्प. त्याला गप्प मी पहिल्यांदाच बघितलं. मग त्याने पेन पुन्हा उघडलं.

लिहिलं, ‘चालकाने केलेले वाचन शब्दशः योग्य होते, तथापि...’

“तथापि काढा.”

काढलं.

“शब्दशः काढा.”

“बाई, त्याने अर्थ...”

“काढा.”

‘संदेशात संदिग्धता होती’ असं लिहिलं. मी संदिग्धता वाचून दाखवली आणि म्हटलं, हे शीतगृहातल्या एकालाही कळणार नाही. तो खोडत गेला, मी कागद परत सरकवत गेले. मला घाई नव्हती. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि मी त्याला रुमाल दिला नाही. शेवटी जे उरलं ते मी सांगेन तसं त्याने त्याच्या हाताने लिहिलं:

‘त्याने बरोबर वाचले. आम्ही चुकीचे लिहिले.’

पेन ‘आम्ही’पाशी जरा थांबलं होतं. ते बघायला मी आयुष्यभर पैसे भरून गेले असते.

पहिली सही चष्मेवालीने केली. सरने दुसरी. सही करून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “मला त्याच वेळी कळलं होतं.” माझ्याकडून काहीतरी ऐकायची त्याची इच्छा असावी. मी कागद वाळतोय का ते बघत होते.

टायवाला म्हणाला, “सहीचं आमच्याकडे वरून विचारावं लागेल. वेळ लागेल.”

म्हटलं, “लागू द्या. मला आता घरी कुणाच्या येण्याची वाट बघायची नसते. मी बाहेरच्या बाकावर बसेन. रोज.”

बुधवार, ३ एप्रिल

वन्संनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग चष्मेवालीचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटेल. “किती वर्षांची आहे?” एवढंच विचारलं.

मला वाटलं होतं राग उतरेल. उतरला नाही. दोन सह्यांचा उतरला, तिसरीचा तसाच आहे. काल दिवसभर बाकावर बसले. टायवाला मागच्या दाराने गेला, असं शिपाई म्हणाला. उद्या मी मागच्या दाराशी बसेन. मागच्याच्याही मागे दार असेल तर वन्सं आहेत.

चष्मेवाली दोनदा येऊन बाकाच्या टोकाला बसून गेली. दिवसभर पाण्यावर असते ती. तोंड बघवत नाही.

उद्यासाठी मोठा डबा काढलाय. त्या पोरीला मी माफ केलेलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण डबा बघून वन्सं काहीतरी वेगळंच म्हणत होत्या.